काव्यवाचन आणि प्रकट मुलाखत : संमेलनाच्या व्यासपीठावरील दोन वाङ्मयव्यवहार

१. प्रास्ताविक

मराठी साहित्य संमेलनाचा अभ्यास आजवर प्रामुख्याने अध्यक्षीय भाषणांच्या अंगाने झाला आहे. भाषणे छापील स्वरूपात उपलब्ध असतात, त्यांतून अध्यक्षांची वाङ्मयीन भूमिका स्पष्ट होते आणि त्या त्या काळातील वादांचा मागही काढता येतो. त्यामुळे अभ्यासकाचे लक्ष त्यांच्याकडे वळणे स्वाभाविक आहे. परंतु संमेलनाचा मंडप भरतो तो बहुधा निमंत्रितांच्या कविसंमेलनाला आणि एखाद्या मान्यवर लेखकाच्या प्रकट मुलाखतीला. सामान्य रसिकाच्या मनात संमेलनाची जी स्मृती उरते तिच्यात भाषणापेक्षा ऐकलेल्या कवितेचा आणि लेखकाच्या बोलण्याचा वाटा मोठा असतो. असे असूनही हे दोन्ही कार्यक्रम 'रंजनाचा भाग' म्हणून समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिले आहेत.

प्रस्तुत लेखात या दोन कार्यक्रमांकडे वाङ्मयव्यवहार म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. व्यासपीठ हे कविता श्रोत्यापर्यंत पोहोचवणारे केवळ तटस्थ साधन आहे, की ते कवितेची निवड आणि घडणही करते, हा येथील मूळ प्रश्न आहे. त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो : जी कविता एका श्रवणात हाती लागत नाही, तिला या व्यासपीठावर जागा कोणती?

२. पूर्वपीठिका

कवीने सभेत कविता म्हणणे ही आपल्या परंपरेला नवी गोष्ट नाही. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त राजाने भरवावयाच्या कविसभेचे तपशीलवार वर्णन केले आहे. त्या सभेत उत्तरेला संस्कृत कवी, पूर्वेला प्राकृत कवी, पश्चिमेला अपभ्रंशाचे कवी आणि दक्षिणेला भूतभाषेचे कवी बसावेत, असा क्रम तो सांगतो. प्रत्येक भाषेच्या कवींमागे कोणत्या शास्त्रांचे जाणकार, कोणते कलावंत व कोणते कारागीर बसावेत हेही तो नमूद करतो. हा तपशील केवळ आसनव्यवस्थेचा नाही. भाषांची आणि ती बोलणाऱ्यांची प्रतिष्ठा सभेच्या रचनेतच कशी मांडली जाते, याचा तो पुरावा आहे. सभा आली की क्रम आला, आणि क्रम आला की कोण आत व कोण बाहेर हा प्रश्न आला, ही गोष्ट राजशेखराच्या वर्णनातून सहज ध्यानात येते.

मराठीपुरते पाहिले तर अभंग, ओवी, भारूड आणि लावणी या साऱ्याच रचना प्रथम ऐकल्या गेल्या आणि नंतर वाचल्या गेल्या. कीर्तनाचा रंग किंवा शाहिरी फडातील सवालजबाब यांत कवी, गायक आणि श्रोता ही नाती निराळी होती. तेथे श्रोता टाळ धरतो, ध्रुपद उचलतो, सवालाला जबाब ऐकण्यासाठी रात्र जागवतो. रचनेच्या सिद्धीत त्याचा हात असतो. मुद्रणाच्या प्रसारानंतर कविता पुस्तकात गेली आणि श्रोत्याचा वाचक झाला. आधुनिक कविसंमेलन हा या वाचकाला पुन्हा श्रोता करण्याचा उपक्रम आहे.

१८७८ साली पुण्यात न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले ग्रंथकार संमेलन भरले. नावाप्रमाणेच ते ग्रंथ लिहिणाऱ्यांचे होते. १८८५ साली दुसऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांना गेले, तेव्हा त्यांनी ते पत्राने नाकारले. जे लोक माणसामाणसांतील समान हक्क मनापासून मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या ग्रंथांशी आपल्या सभांचा व ग्रंथांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. म्हणजे मराठी संमेलनाच्या आरंभीच व्यासपीठाच्या तटस्थतेविषयीची शंका लेखी स्वरूपात नोंदवली गेली होती. १९५८ साली मुंबईत भरलेले दलित साहित्य संमेलन आणि १९९९ साली धारावीत भरलेले विद्रोही साहित्य संमेलन ही त्याच शंकेची पुढील काळातील रूपे होत.

१९०७ साली जळगाव येथे डॉ. का. र. कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली कविसंमेलन भरले. त्यात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटल्या आणि त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली. केशवसुतांच्या निधनाला तेव्हा जेमतेम दोन वर्षे होत होती. व्यासपीठाने कवीला नाव दिले आणि ते नाव मूळ नावाहून अधिक रूढ झाले, असे मराठीतील हे ठळक उदाहरण आहे. या घटनेकडे पुढे वेगळ्या संदर्भात परत यावयाचे आहे.

३. काव्यवाचन : काकू आणि प्रसाद

कवी स्वतःची कविता वाचतो तेव्हा नेमके काय घडते? या प्रश्नाचा विचार करताना प्राचीन काव्यशास्त्रातील दोन संकल्पना उपयोगी पडतात.

पहिली संकल्पना 'काकू'ची. उच्चारातील स्वरभेदामुळे वाक्याचा अर्थ पालटतो, या जाणिवेतून ती निर्माण झाली आहे. भरताने नाट्याच्या संदर्भात आणि राजशेखराने काव्यपठणाच्या संदर्भात तिचा विचार केला. छापील कवितेतील ओळ एकाच वेळी विधान, प्रश्न आणि उपरोध असू शकते. वाचक या शक्यता मनात तोलत राहतो. कवीने ती ओळ मोठ्याने म्हटली की त्याला एक स्वर निवडावा लागतो, आणि उरलेले स्वर त्या क्षणापुरते मावळतात. या अर्थाने कवीचे वाचन ही त्या कवितेवरील एक टीकाच असते. ती अधिकृत वाटते, कारण ती कवीच्या मुखातून येते. तरीही ती अनेक शक्य टीकांपैकी एक आहे, हे अभ्यासकाने विसरता कामा नये.

दुसरी संकल्पना 'प्रसाद' गुणाची. वाळलेल्या इंधनात अग्नी पसरावा तसा जो चित्तात तत्काळ पसरतो तो प्रसाद, असे मम्मट म्हणतो आणि हा गुण सर्व रसांना साधारण मानतो. कविसंमेलनात मात्र एक सूक्ष्म बदल होतो. जो गुण अनेक गुणांपैकी एक होता, तोच प्रवेशाची अट बनतो. श्रोत्याला मागचे पान उलटता येत नाही, एखाद्या ओळीवर थांबता येत नाही. प्रत्येक कवीच्या वाट्याला एखाददुसरी कविता येते आणि सूत्रसंचालक लगेच पुढचे नाव पुकारतो. अशा स्थितीत ज्या कवितेचा अर्थ शेवटच्या ओळीबरोबर पूर्ण होतो, जिच्यात पालुपद आहे, जिचा शेवट टाळीला जागा देतो, ती कविता यशस्वी ठरते. गझलेला मराठी व्यासपीठावर जो प्रतिसाद मिळाला त्यामागेही हे एक कारण आहे. प्रत्येक शेर स्वतंत्रपणे पूर्ण होतो आणि रदीफ श्रोत्याला आधीच ठाऊक असल्याने तो कवीबरोबर तिची वाट पाहतो. शेवटचा शब्द श्रोत्यांनी कवीच्या आधी उच्चारावा, हे मुशायऱ्यातील दृश्य या रचनातत्त्वातूनच उद्भवते.

या गुणाचा मराठीतील इतिहास मोठा आहे. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने काव्यगायनाची प्रथा लोकप्रिय केली. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश आदी कवींच्या रचना घरोघरी पोहोचल्या त्या पुस्तकांइतक्याच आवाजाच्या वाटेने. या लोकप्रियतेचे एक अप्रत्यक्ष प्रमाण म्हणजे १९२५ साली प्रसिद्ध झालेला प्रल्हाद केशव अत्रे यांचा 'झेंडूची फुले' हा विडंबनसंग्रह. ज्या कवितेची चाल वाचकाच्या कानात आधीपासून नाही तिचे विडंबन रंगत नाही. अत्र्यांच्या विडंबनाने रविकिरण मंडळाच्या शैलीवर प्रहार केला हे खरे. परंतु त्या प्रहाराने मंडळाने घडवलेल्या श्रोतृवर्गाची साक्षही दिली.

स्वातंत्र्योत्तर काळात विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगावी एकत्र काव्यवाचन केले. येथे गायनाची जागा वाचनाने घेतली, ही महत्त्वाची घटना होय. गायनात चाल हीच प्रधान राहते. वाचनात मात्र विराम, आघात, आवाजाची चढउतार आणि बोलभाषेचा लहेजा यांना कवितेचे घटक म्हणून स्थान मिळते. करंदीकरांची 'तालचित्रे' किंवा पाडगावकरांची 'सलाम' ही कविता यांचा परिणाम समजून घ्यावयाचा तर छापील पानाबरोबर उच्चाराचाही विचार करावा लागतो. 'सलाम'मध्ये एकच शब्द पुनःपुन्हा येतो. पानावर डोळा त्याला ओलांडून पुढे जाऊ शकतो. ऐकताना मात्र प्रत्येक आवृत्तीचा भार श्रोत्यावर पडतो आणि लाचारीचा अनुभव साचत जातो. येथे उच्चार कवितेच्या अर्थाला पूरक नाही, तो अर्थाचा भाग आहे.

नारायण सुर्वे यांच्या बाबतीत या प्रक्रियेला आणखी एक परिमाण मिळते. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांतील कविता कामगारवस्तीच्या बोलीचा आधार घेते. तिचा निवेदक कुणाला तरी समोर बसवून बोलतो. त्या कवितेतील संबोधने, अर्धवट सोडलेली वाक्ये आणि मध्येच येणारे संवाद प्रत्यक्ष श्रोत्यापुढे स्वाभाविक होतात. ज्याला पुस्तक सहजी मिळत नव्हते अशा श्रोत्याला स्वतःचे जगणे स्वतःच्या भाषेत ऐकू येणे, ही घटना केवळ रंजनाच्या सदरात टाकता येणार नाही. काव्यवाचनाचे सर्वांत मोठे सामर्थ्य हेच आहे.

४. व्यासपीठाबाहेरची कविता

व्यासपीठाचे हे सामर्थ्य मान्य केल्यावरच त्याची मर्यादा न्याय्यपणे मांडता येते. १९४७ साली 'काही कविता' हा बा. सी. मर्ढेकर यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. मर्ढेकरांनी अभंग आणि ओवी या अत्यंत परिचित छंदांचा अवलंब केला. पण त्यांत बसवलेल्या प्रतिमा यंत्रयुगाने भंगलेल्या जाणिवेच्या आहेत. छंद कानाला पुढे नेतो आणि प्रतिमा मनाला थांबवते. हा ताण हेच त्या कवितेचे मर्म होय. सभेत ऐकताना छंद जिंकतो, कारण परिचित लय श्रोत्याला थांबू देत नाही. वाचकाला मात्र दोन्ही शक्ती समोरासमोर दिसतात. मर्ढेकरांची कविता ऐकण्याजोगी नाही, असा याचा अर्थ नव्हे. ती प्रथम वाचून मग ऐकावी, अशी तिची मागणी आहे.

अरुण कोलटकर यांच्या 'भिजकी वही' (२००३) या संग्रहात अडचण निराळी आहे. आयसिस, कॅसांड्रा, हायपेशिया अशा निरनिराळ्या देशकाळांतील स्त्रियांचे दुःख तेथे एकामागून एक उभे राहते, आणि प्रत्येक कविता आपल्या मागचीपुढचीला उजळते. शब्द साधे, ओळी आखूड. तरी अर्थ संपूर्ण वहीत पसरलेला. अशा संग्रहातून पाच मिनिटांची एक कविता वेगळी काढली तर ती कळते, पण वही कळत नाही. कोलटकर प्रसिद्धीपासून आणि सभांपासून कटाक्षाने दूर राहिले, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या या अलिप्ततेकडे स्वभावविशेष म्हणून पाहिले जाते. तथापि त्यांच्या कवितेची रचनाही त्या अलिप्ततेशी सुसंगत होती, असे म्हणता येईल.

दुर्बोध कविता व्यासपीठावर चालतच नाही, असे मात्र सरसकट विधान करता येत नाही. ग्रेस यांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आक्षेप सातत्याने घेतला गेला. तरीही हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतामुळे त्यांच्या काही रचना फार मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत गेल्या. श्रोता अर्थ हाती न येताही नादाच्या आणि भाववृत्तीच्या आधारे कवितेजवळ थांबू शकतो, एवढे यावरून निश्चित दिसते. म्हणजे अडचण श्रोत्याच्या कुवतीत कमी आणि कार्यक्रमाच्या चौकटीत अधिक आहे. श्रोत्याला पुन्हा ऐकण्याची संधी मिळाली तर तो कठीण कविताही स्वीकारतो. गाण्याने ती संधी दिली. कविसंमेलन ती सहसा देत नाही. अलीकडे ध्वनिचित्रमुद्रणामुळे एकदा झालेले वाचन पुनःपुन्हा ऐकता येते. एकश्रवणाची अट त्यामुळे सैल झाली आहे. परंतु मुद्रित होते तेही व्यासपीठावर निवडले गेलेलेच, हे ध्यानात ठेवावे लागते.

निवडीचा हा प्रश्न कवितेच्या स्वरूपापुरता राहत नाही. येथे १९०७ च्या जळगावकडे परत यावयास हवे. बालकवींना ज्या गावी पदवी मिळाली त्याच जळगावात, लग्न होऊन आलेली, सत्तावीस वर्षांची एक निरक्षर शेतकरी स्त्री त्या वेळी नांदत होती. बहिणाबाई चौधरी यांनी घरात आणि शेतात राबताना रचलेली गाणी त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी, व इतर आप्तांनी टिपून ठेवली नसती तर ती त्यांच्याबरोबरच संपली असती. १९५१ साली त्यांचे निधन झाले आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. एका गावात कवींची सभा भरते, एका मुलाला योग्य तो गौरव प्राप्त होतो, आणि त्याच गावातील जात्यावरचा आवाज त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी पुस्तकरूपाने महाराष्ट्राला कळतो. यात कुणाचा व्यक्तिगत दोष नाही. ग्रंथकारांच्या परंपरेतून उगम पावलेल्या सभेला, जिची कविता पूर्णतः श्राव्य होती अशी कवयित्री ऐकू आली नाही, हा या घटनेतील विरोधाभास आहे. बहिणाबाईंच्या गाण्यांत प्रसादगुणाची वाण नव्हती; व्यासपीठापर्यंत येण्याची वाट नव्हती. तेव्हा श्रवणसुलभता ही प्रवेशाची एक अट असली तरी ती एकमेव अट नाही. फुल्यांच्या पत्रातील प्रश्न येथे वेगळ्या मार्गाने पुन्हा उपस्थित होतो.

५. प्रकट मुलाखत : व्यक्ती आणि संहिता

प्रकट मुलाखत हा प्रकार काव्यवाचनाच्या मानाने अर्वाचीन. त्याची लोकप्रियता वाढत असतानाच समीक्षेत नेमका उलट प्रवाह सुरू होता, ही लक्षणीय बाब आहे. विमसट आणि बीर्डस्ली यांनी १९४६ साली, कवीचा हेतू हा काव्याच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, अशी भूमिका मांडली. १९६७ साली रोलां बार्थ यांनी 'लेखकाच्या मृत्यू'ची घोषणा केली. मराठीतही मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराने कलाकृतीच्या अंतर्गत लयीकडे लक्ष वेधले. विद्यापीठाच्या वर्गातून लेखक असा बाहेर पडत असता संमेलनाच्या मंडपात तो खुर्चीवर येऊन बसला. वाचकाला लेखक हवा असतो, ही गोष्ट सिद्धान्ताने नाकारून संपत नाही. तिची चिकित्सा करावी लागते.

मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात : जीवनविषयक, निर्मितिप्रक्रियाविषयक, भूमिकाविषयक आणि संहिताविषयक. पहिल्या वर्गात बालपण, हलाखी, सुहृद आणि किस्से येतात. दुसऱ्यात 'कविता कशी सुचते' हा सनातन प्रश्न. तिसऱ्यात समकालीन घटनांवरील मत. चौथ्या वर्गातील प्रश्न, म्हणजे अमुक कवितेत हाच शब्द का, या कथेचा शेवट असा का, हे बहुधा सर्वांत कमी विचारले जातात. याचे कारण उघड आहे. संहितेविषयीचा प्रश्न कळण्यासाठी श्रोत्यासमोर संहिता असावी लागते. हलाखीच्या कहाणीला तशी गरज नसते. परिणामतः श्रोता लेखकाच्या जीवनाने भारावून घरी जातो, आणि हे भारावणे वाचनाची जागा घेते. विशेषतः दलित, ग्रामीण आणि स्त्री लेखकांच्या बाबतीत हा धोका अधिक संभवतो. त्यांना त्यांच्या सोसण्याविषयी विचारले जाते आणि त्यांच्या शैलीविषयी मौन पाळले जाते. गौरवाच्या आविर्भावात त्यांचे कलावंतपण दुय्यम ठरते.

संहिताविषयक संवाद किती फलदायी ठरू शकतो याचे एक उदाहरण व्यासपीठाबाहेर, पण मराठीतच उपलब्ध आहे. नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा' (१९७२) या संग्रहाला विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना आहे. ढसाळांच्या कवितेतील वस्तीची भाषा तेंडुलकरांना परकी होती. त्यांनी ते अज्ञान झाकले नाही. अनोळखी शब्दांचे अर्थ त्यांनी कवीला विचारले, कवीबरोबर ती वस्तीही पाहिली आणि हे सारे प्रस्तावनेत नमूद केले. एका अर्थी ही मुलाखतच होय. तीत प्रश्नकर्त्याचे अज्ञान प्रामाणिक आहे, प्रश्न शब्दाला धरून आहेत आणि उत्तरे वाचकाला पुन्हा कवितेकडे पाठवतात. कवीचे जीवन तेथे येते ते कवितेतील शब्दाचा संदर्भ म्हणून. जीवन आणि संहिता यांचे हे नाते ज्या मुलाखतीत टिकते ती मुलाखत समीक्षेला पूरक ठरते.

यावरून मुलाखतकाराच्या कार्याविषयीही काही सांगता येईल. तो श्रोत्यांचा प्रतिनिधी असतो हे खरे. परंतु श्रोत्यांहून एक पाऊल पुढे जाऊन त्याने वाचन केलेले असावे, ही अपेक्षा वाजवी आहे. राजशेखराने प्रतिभेचे कारयित्री आणि भावयित्री असे दोन भेद केले. कवीपाशी पहिली, तर रसिकापाशी दुसरी. मुलाखतकार हा सभेपुढे भावयित्री प्रतिभेचे प्रात्यक्षिक करतो. त्याचा प्रश्न चांगला असेल तर कवितेशी कसे बोलावे हे श्रोता त्याच्यापासून शिकतो.

६. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

एक, काव्यवाचन ही कवितेची केवळ पोहोचवणूक नसून तिचे एक अर्थनिर्णयन आहे. म्हणून कवींच्या वाचनांचे ध्वनिमुद्रित संग्रह हे संहितेच्या आवृत्त्यांप्रमाणेच अभ्यासाचे साधन मानले पाहिजेत.

दोन, कविसंमेलनाची चौकट प्रसादगुणाला निकषाचे रूप देते. त्यामुळे व्यासपीठावरील यश आणि काव्यमूल्य यांचे समीकरण मांडणे जसे चुकीचे, तसेच व्यासपीठावर यशस्वी ठरलेली कविता उथळ समजणेही चुकीचे. करंदीकर, पाडगावकर आणि सुर्वे यांची उदाहरणे दुसऱ्या पूर्वग्रहाचे निरसन करतात. मर्ढेकर आणि कोलटकर यांची पहिल्याचे.

तीन, जी कविता एका श्रवणात उलगडत नाही तिच्यासाठी प्रकट मुलाखत हे स्वाभाविक स्थान होऊ शकते. कवितेची प्रत श्रोत्यांच्या हाती द्यावी, कवीने ती वाचावी, तिच्यातील शब्दांवर प्रश्नोत्तरे व्हावीत आणि शेवटी तीच कविता पुन्हा वाचली जावी. पहिल्या आणि दुसऱ्या वाचनात श्रोत्याला जो फरक जाणवेल तीच त्या तासाची कमाई. काव्यवाचन आणि मुलाखत हे आज दोन मंडपांत चालणारे व्यवहार अशा रीतीने एकत्र आले तर दोहोंच्या उणिवा परस्परांकडून भरून निघतील.

चार, चौकट कितीही सुधारली तरी निमंत्रणपत्रिकेवर कोणाचे नाव येते हा प्रश्न उरतोच. १९०७ साली जळगावात जमलेल्या कवींना त्याच गावातील जाते ऐकू आले नाही. आजच्या संमेलनालगत, मंडपापासून हाकेच्या अंतरावर, कोणता आवाज न ऐकलेला राहतो आहे, याचा शोध घेणे हे संयोजकांचे काम आहे, तितकेच ते मराठीच्या अभ्यासकांचेही आहे.